इंजिनाच्या घशातला बर्फ

आज तुम्हाला एक अशी गोष्ट सांगतो, की ती ऐकून तुम्ही आधी हसाल, मग एकमेकांकडे बघाल, आणि मग म्हणाल, आजोबा, काहीतरीच काय सांगता! पण पोरांनो, शेवटपर्यंत ऐका. मोटारीचं इंजिन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढं तापतं की चुकून हात लागला तर कातडी सोलून निघावी. त्याच्या पोटात क्षणाक्षणाला पेट्रोलचा भडका उडत असतो. आणि त्याच इंजिनाच्या घशात बर्फ धरतो. खराखुरा बर्फ, पांढरा आणि कडक, नखाने खरवडावा लागेल असा. त्यासाठी हिमालयात जायला लागत नाही बरं का. माणसं नुसत्या सदऱ्यावर हिंडत असतात, हवेत जरा गारवा आणि ओल असते, बस्स, एवढ्यावर काम होतं.

हे कसं घडतं ते समजायला आधी आपल्या माठाकडे बघा. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं, आणि वाफ व्हायची तर ऊब लागते, ती ऊब ते आतल्या पाण्याकडून घेऊन जातं, म्हणून मागे राहिलेलं पाणी गार पडतं. पाणी तसं सावकाश उडणारं, म्हणून माठ नुसता गार होतो. पण झटकन उडून जाणारं काही घेतलं तर? हाच प्रश्न 1758 साली इंग्लंडात केंब्रिजला दोन माणसांना पडला होता. एक होता जॉन हॅडली, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि दुसरा बेंजामिन फ्रँकलिन, हो तोच, विजेच्या कडकडाटात पतंग उडवणारा अमेरिकेतला गृहस्थ. त्यांनी काय केलं, थर्मामीटरचा गोळा इथर नावाच्या झटकन उडणाऱ्या द्रवात बुडवायचा, बाहेर काढून त्यावर भात्याने वारा घालायचा, इथर उडून गेलं की पुन्हा बुडवायचा. खोलीतली हवा 18 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पौषात सकाळी असते तेवढी. पारा उतरायला लागला तो थांबेचना. शून्याच्या खाली गेला आणि उणे 14 च्या आसपास टेकला. तोवर त्या गोळ्यावर पाव इंच जाडीचा बर्फ जमला होता. फ्रँकलिनने नंतर पत्रात लिहिलं, की या रीतीने भर उन्हाळ्याच्या दिवशी माणूस गोठवून मारता येईल.

आता मला सांगा, त्या गोळ्यावरच्या बर्फाचं पाणी आलं कुठून? इथर तर उडून गेलं. ते पाणी आलं खोलीतल्या हवेतून. हवेत ओल असतेच, ती गार वस्तूवर बसते, आणि वस्तू फारच गार असली तर बसल्या जागी गोठते. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पेट्रोलही असंच उडणारं. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर नावाचं एक पितळी आणि जस्ताच्या ओतीव भागांचं यंत्र असे. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, आणि जाता जाता बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून त्याचे तुषार करते. त्याच्या खाली थ्रॉटलची पाकळी, म्हणजे आपण पायाने ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा उघडते ती गोल पत्र्याची चकती. एक किलो पेट्रोल नीट जाळायचं तर 15 किलोच्या आसपास हवा लागते. आता ते किलोभर पेट्रोल तुषारातून वाफेत जाताना ऊब मागणार, आणि देणार कोण, तर भोवतालची हवा. ते सगळंच वाफ झालं असं धरलं तर नुसत्या त्यानेच हवा 20 अंशांहून जास्त गार होते. त्यात पाकळीच्या मागे पोकळी असते, दाब उतरलेला असतो, त्याने आणखी थोडी. वैमानिकांना तर असं शिकवतात की कार्ब्युरेटरच्या आत तापमान 30 अंशांहून अधिक घसरू शकतं. म्हणजे बाहेर 20 अंशांची सुखाची हवा असली तरी घशात गोठणबिंदूच्या खाली गेलेलं असतं.

आणि हवेतल्या ओलीचा हिशेब केलात तर तुम्ही थक्क व्हाल. 20 अंशांची, ओलीने पुरती भरलेली एक घनमीटर हवा घेतली तर तिच्यात 17 ग्रॅम पाणी असतं. बाराशे सीसीचं लहानसं इंजिन जोरात चाललं की मिनिटाला हजार लिटर, म्हणजे एक घनमीटर, हवा सहज ओढतं. मिनिटाला तीन चमचे पाणी त्या अरुंद गळ्यातून चाललंय, आणि गळा गोठणबिंदूच्या खाली! त्यातलं थोडंसंच पाकळीला चिकटलं तरी पाचदहा मिनिटांत वाट निम्मी होते. सावकाश चालवताना तर पाकळी मुळातच जेमतेम किलकिली असते, तिथे बर्फाचा पातळसा थरही पुरतो.

यातलं मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढेच आहे. तुम्हाला वाटेल, थंडी जितकी जास्त तितका हा बर्फ जास्त. तसं नाही. शून्य अंशाच्या हवेत फार तर पाच ग्रॅम पाणी मावतं, आणि उणे 20 ला एकच ग्रॅम. तेही आधीच गोठून कोरड्या कणांचं झालेलं असतं, ते कण कशाला चिकटत नाहीत, सरळ आत जाऊन जळतात. म्हणून हाडं गोठवणाऱ्या थंडीत हा त्रास कमी, आणि पावसाळी, धुकट, अंगाला ओलसर लागणाऱ्या हवेत सगळ्यात जास्त. कुडकुडणारा माणूस ज्या हवेला घाबरतो तिला इंजिन घाबरत नाही, आणि इंजिन जिला घाबरतं त्या हवेत माणूस खिडकी उघडी ठेवून मजेत बसलेला असतो.

आता गाडीकडे येऊ. फोक्सवॅगनची बीटल तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल, ती पाठीला बाक असलेली, गोल दिव्यांची. फर्डिनांड पोर्शेने 1930 च्या दशकात जर्मनीत तिचा आराखडा केला, आणि 2003 साली मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत दोन कोटी 15 लाखांहून जास्त बीटल जगभर निघाल्या. तिचं इंजिन मागे, आणि त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. पंख्याचा वाराच त्याला थंड ठेवणार. थंड मुलखात ही मोठी सोय होती, कारण जे पाणी घातलंच नाही ते रात्री गोठून इंजिन फोडणार कसं? पण एका सोयीपाठोपाठ एक गैरसोय आली. पाण्याच्या इंजिनात ते गरम पाणी कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीभोवती फिरवून तिला ऊब देता येते. इथे ते पाणीच नाही. शिवाय चार सिलिंडरांपैकी दोन डावीकडे आडवे, दोन उजवीकडे आडवे, आणि कार्ब्युरेटर एकच, मधोमध उंचावर बसवलेला. त्याच्याखालून दोन्ही बाजूंना लांब नळ्या गेलेल्या, आणि त्या नळ्या उघड्यावर. म्हणजे गळ्यात बर्फ धरण्याची भीती एकीकडे, आणि दुसरीकडे ही, की वाफ झालेलं पेट्रोल त्या गार नळीच्या भिंतींवर पुन्हा थेंब होऊन बसायचं. थेंब सिलिंडरपर्यंत धड पोचत नाहीत, आणि गाडी रेस केली की पुढे जायच्या ऐवजी आवंढा गिळते, मिसिंग मारते.

यावर त्या लोकांनी जो उपाय केला तो मला फार आवडतो. इंजिन जो धूर बाहेर टाकतं तो रसरशीत गरम, आणि सगळा सायलेन्सरातून वाऱ्यावर जाणार. त्यातला चिमूटभर वळवून घेतला. कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीला चिकटून, तिच्या अंगाखालून, बोटभर जाडीची एक दुसरी नळी काढली, तिचं एक टोक एका बाजूच्या धुराच्या वाटेला जोडलं आणि दुसरं टोक दुसऱ्या बाजूला. एका टोकाशी धुराचा दाब जास्त, दुसऱ्याशी कमी, म्हणून धूर त्यातून आपोआप वाहतो, आणि बरोब्बर कार्ब्युरेटरच्या खाली, जिथे गारठा सगळ्यात जास्त, तिथली जागा तापवून पुढे निघून जातो. ना पंप, ना झडप, ना कुणी लक्ष द्यायला हवं. इंजिनाने टाकलेली ऊब इंजिनालाच परत.

पण या नळीचा एक दुर्गुण असा, की ती बारीक आणि धूर सावकाश चाललेला, त्यामुळे वर्षानुवर्षं तिच्यात काजळी बसते आणि एक दिवस ती पार बुजते. बाहेरून काहीच कळत नाही. वाईला ज्या गॅरेजात मी उमेदीच्या काळात काम करत होतो तिथे पुण्याच्या एका डॉक्टरांची अशी बीटल यायची, कुण्या परदेशी माणसाकडून त्यांनी घेतलेली. आषाढात ते महाबळेश्वरला जात. पसरणी घाट गाडी बिनतक्रार चढायची, आणि पाचगणी मागे टाकून पठारावरच्या रस्त्याने, धुक्यात, पुढचं माणूस दिसत नाही म्हणून हळूहळू जायला लागलं की धापा टाकायची, पाय दाबला तरी वेग घ्यायची नाही, आणि शेवटी बंद. डॉक्टर उतरून पेट्रोल बघायचे, प्लग बघायचे, सगळं ठीक. तिथे रस्त्याच्या कडेला एक शेंदूर लावलेला दगड होता, गावातल्या माणसांनी सांगितलं, देवाला नारळ द्या. त्यांनी दिला. आणि काय सांगू, नारळ फोडून, खोबरं वाटून, सगळ्यांशी चार शब्द बोलून होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जायची, आणि चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात चालू! पुढच्या खेपेला डॉक्टर घरूनच नारळ घेऊन निघाले.

आमचे उस्ताद मोठे शांत माणूस. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, नारळासकट, आणि मग गाडी तशीच रिमझिमत्या पावसात, मागचं झाकण उघडं ठेवून, चालू ठेवायला सांगितली. आम्ही भोवती उभे. कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीला आधी घाम फुटला. मग त्या थेंबांवर दुधाळ साय आली, आणि बघता बघता नळी पांढरी शुभ्र. हातभर अंतरावर सिलिंडर एवढा तापलेला की पावसाचा थेंब पडला तर चर्र व्हावं, आणि मध्येच ही हिवाने गोठलेली नळी! मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं पाहिली, पण ते दृश्य बघून जो हरखलो तसा क्वचितच. उस्तादांनी खालच्या धुराच्या नळीवर सरळ मूठ आवळली. ती नळी इतकी तापायला हवी होती की बोटही टेकू नये. ती होती थंडगार.

मग तिची टोकं सोडवली, गॅसच्या ज्योतीवर नळी लाल केली, आतली काजळी जाळली, जुन्या क्लच केबलचा तुकडा घालून घालून खरवडली, तेव्हा कुठे एका टोकाने फुंकलेलं दुसऱ्या टोकाला आलं. गाडी पुन्हा त्या रस्त्यावर थांबली नाही. आणि नारळाने ती चालू का व्हायची तेही त्या दिवशी कळलं. इंजिन बंद पडलं की पंख्याचा वारा थांबतो, पेट्रोल उडायचं थांबतं, आणि तापलेल्या सिलिंडरांची ऊब हळूहळू वर चढून घशातला बर्फ वितळवते. दहा-पंधरा मिनिटांत चोर पाणी होऊन निसटलेला असतो. डॉक्टर मात्र त्यानंतरही देवाला नारळ द्यायला थांबत, आणि मला ते बरं वाटे. दगडाने त्यांना इतका वेळ वाट बघायला लावलं होतं, ते उपकारच की.

बीटलमध्ये ही एकच युक्ती नव्हती. हवेच्या फिल्टरला एक तोटी होती, तिच्यात वजन लावलेली झडप. इंजिन सावकाश चालू असलं की ती झडप आपल्या भाराने मिटायची, मग हवा दुसऱ्या एका लवचीक नळीतून यायची, सिलिंडरांच्या आसपास फिरून गरम झालेली. जोर वाढला, हवेची ओढ वाढली, की झडप उघडून बाहेरची गार हवा सरळ आत. गार हवा दाट असते, ताकदीला चांगली. म्हणून गरज असेल तेव्हाच ऊब द्यायची. आणि सिलिंडरांच्या खाली पितळेचा एक लहानसा भाता असायचा, तो इंजिन थंड असेपर्यंत पंख्याच्या हवेची वाट अडवून धरायचा आणि 65 ते 70 अंशांच्या सुमाराला फुगून मोकळी करायचा. तो भाता चिरला, त्यातली वाफ गेली, तर तो मिटायच्या ऐवजी उघडाच राहतो, म्हणजे मोडला तरी इंजिन भाजून मरणार नाही, फार तर उशिरा तापेल. तिकडे फ्रान्सात सिट्रोएनच्या टू सीव्हीचं दोन सिलिंडरांचं वाऱ्यावरचं इंजिन पुढे असे, तर तिच्या जाळीवर हिवाळ्यात बांधायला वेगळं पांघरूणच मिळायचं.

पण रस्त्यावर गाडी थांबली तर उतरून नारळ फोडता येतो. आकाशात काय करणार?

1927 सालच्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग नावाचा पंचविशीतला वैमानिक सॅन डिएगोहून निघाला. 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' हे त्याचं नवं कोरं विमान, त्याला राइट कंपनीचं नऊ सिलिंडरांचं, वाऱ्यावर थंड होणारं व्हर्लविंड इंजिन. त्याला जायचं होतं न्यूयॉर्कला, आणि तिथून एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला. ही नुसती पहिली मजल. 10 तारखेची रात्र, खाली ॲरिझोनाचे डोंगर, आणि इंजिन खोकायला लागलं. धड चालेना, धड बंद पडेना. उतरायला जागा नाही, खाली अंधारात सगळे कडे. तो एका दरीवर घिरट्या घालत राहिला, उंची कमी होत होती, आणि तो थ्रॉटल आणि पेट्रोलचं प्रमाण मागेपुढे करून इंजिनाला जपत होता. हळूहळू खोकला कमी झाला, इंजिनाने पुन्हा सूर धरला, आणि तो सावकाश उंची घेत पुढे गेला. 14 तास 25 मिनिटं उडून सेंट लुईसला पोचला. त्याने ताडलं की उंचावरच्या गार हवेत कार्ब्युरेटरने दगा दिला. न्यूयॉर्कला पोचल्यावर इंजिनवाल्यांच्या माणसांनी त्याच्या विमानाला हवा तापवून आत सोडणारा हीटर बसवला. 20 मे रोजी तो निघाला, साडेतेहेतीस तासांनी पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला. वाटेत ढगात शिरला तेव्हा पंखांवर बर्फ चढला, त्याला मागे फिरून बाहेर पडावं लागलं. पण घशात बर्फ धरून इंजिन थांबलं नाही. साऱ्या जगाने त्याचं धाडस पाहिलं, आणि ते होतंच मोठं. मी मात्र त्या हीटरलाही हात जोडतो.

तेव्हापासून आजतागायत कार्ब्युरेटरच्या लहान विमानात वैमानिकासमोर त्यासाठी एक बटण असतं. ते ओढलं की बाहेरची हवा बंद, आणि सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या खोळीतून तापून आलेली हवा आत. ही गरम हवा विरळ असते, म्हणून ओढल्याबरोबर इंजिनाचे फेरे थोडे उतरतात. बर्फ नसेल तर तेवढंच. पण बर्फ असेल तर पुढे जे होतं त्याने नवा शिकाऊ घाबरून जातो: बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जातं, इंजिन थडथडतं, अडखळतं, आधीपेक्षा वाईट चालतं. वाटतं, अरे, बटण ओढून आपणच बिघडवलं! आणि हात ते परत ढकलायला जातो. नेमकं तेव्हाच ढकलायचं नसतं. थोडा दम धरला की पाणी संपतं, घसा मोकळा होतो, आणि फेरे पुन्हा वर चढतात. खाली उतरायला लागताना तर आधीच ओढून ठेवतात, कारण तेव्हा पाकळी जवळजवळ मिटलेली असते.

आणखी एक गंमत ऐका. ते बटण अर्धवट ओढणं धोक्याचं. कडक थंडीत बर्फाचे जे कोरडे कण निमूटपणे आरपार जात असतात, त्यांना अर्धवट ऊब मिळाली की ते नुसते ओले होतात, आणि ओले होऊन गळ्यात चिकटून पुन्हा गोठतात. म्हणजे नव्हता तो बर्फ आपल्या हाताने तयार केला. द्यायची तर भरपूर ऊब द्यायची, नाहीतर द्यायचीच नाही.

आता नव्या गाड्यांत पेट्रोल सरळ सिलिंडरच्या तोंडाशी फवारतात, तिथे तापलेलं असतं, मध्ये गळाच नाही, त्यामुळे ही गोष्ट मोटारवाले विसरून गेले. पण तुमच्यापैकी कुणाच्या मामाकडे, काकाकडे जुनी बीटल असेलच, तर पावसाळ्यात एक करा. गाडी चालू करून दोनचार मिनिटं थांबा, मागचं झाकण उघडा, आणि कार्ब्युरेटरच्या खालच्या त्या बारीक नळीजवळ, चिकटवू नका, नुसता जवळ हात न्या, दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे चटका जाणवला तर झाकण लावून खुशाल महाबळेश्वरला निघा. एकीकडे गरम आणि दुसरीकडे गार लागली, तर मध्ये काजळी बसली आहे; मिस्त्रीला सांगा, जुनी क्लच केबल घेऊन या.